बाईंचं एक क्रियापद चुकलं

बाई स्कूटरच्या सीटवर उभ्या होत्या! स्कूटर स्टँडला लावलेली होती, हे खरं. पण वय सत्तावन्न, सुती पाचवारी, पदर कमरेला खोचलेला, हातात पान्हा, आणि खाली मी, दोन्ही हातांनी स्कूटर धरून देवाचं नाव घेत. इस्लामपूरकडून येताना आमच्या गावच्या फाट्याला बाणाची एक पाटी आहे. उसाच्या ट्रॉलीनं जाता जाता तिला धक्का दिला आणि बाण गावाकडं दाखवायचं सोडून लोकांना सरळ उसाच्या फडात शिरायला सांगू लागला. बाईंनी ग्रामपंचायतीत तीन वेळा जाऊन सांगितलं. तिसऱ्या खेपेला परत आल्या त्या तिथल्या शिपायाचा पान्हा घेऊनच.

"बाई, उतरा. पडाल!"

"पडले तर पडले. ही पाटी रोज मान्सं मिसलीड करतीया, त्याचं काय? धर नीट, हलवू नगंस!"

बोल्ट करकरला आणि बाण गावाकडं फिरला. मागं थांबलेल्या ट्रॅक्टरवाल्यानं टाळ्या वाजवल्या. बाई खाली उतरल्या, साडी झटकली आणि धापा टाकत त्यालाच पकडलं.

"टाळ्या कसल्या वाजवतोस? सांग बघू, पाटीच्या मनात कपट हुतं का?"

"न्हाई की वो."

"तरी तिनं मान्सं चुकवली. हितं मिसलीड बसतं. ध्यानात ठेव!"

ट्रॅक्टरवाल्यानं मान डोलावली आणि घाईघाईनं गिअर टाकला. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! त्या एका इंग्रजी क्रियापदानं बाईंना वर्षभर झपाटलं होतं. ते कसं, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, कारण सगळं माझ्याच हातून घडलं.

मी त्यांची विद्यार्थिनी. नववी-दहावीचं इंग्रजी त्यांच्याकडं शिकले, बी.कॉम. केलं आणि त्याच शाळेत लिपिक म्हणून लागले. पहिल्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले तर म्हणाल्या, "पाया पडू नगंस, स्पेलिंग बघून लिव." हा त्यांचा आशीर्वाद.

बाई सांगलीकडच्या, कृष्णाकाठच्या जैन शेतकऱ्याच्या घरातल्या. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, आणि जेवण सूर्य मावळायच्या आत म्हणजे आतच. थंडीच्या दिवसांत साडेचार वाजले की त्यांचं एक लक्ष वर्गात आणि एक खिडकीबाहेरच्या उन्हात. घंटा झाली की स्कूटर फाटकाबाहेर! लग्न केलेलं नव्हतं. कुणी आगाऊपणानं विचारलं तर सांगायच्या, "कर्ता सापडला हुता. क्रियापद जुळलं न्हाई."

स्कूटरच्या डिकीत डिक्शनरी असायची. मेणकापडात गुंडाळलेली, पानं पिवळी, कडा कुत्र्यानं चावल्यासारख्या. मोबाईल आल्यावर सगळ्यांनी सांगितलं, बाई, आता त्यात सगळं मिळतं. बाई म्हणायच्या, "मिळतं. पर त्यात शेजारचा शब्द दिसत न्हाई. मला शेजारी लागत्यात." एक शब्द बघायला उघडली की त्या अर्ध्या तासानं वर यायच्या, आणि डोळे असे चमकत असायचे की जणू विहिरीत पोहून आल्या.

त्यांचं शिकवणं म्हणजे आरडाओरडा. क्रियापद म्हणजे माणूस, हे त्यांचं ठाम मत. नवं क्रियापद फळ्यावर लिहिलं की वर्गाकडं वळून विचारायच्या, "ह्यो कोन? कुठं ऱ्हातो? कुनाकुनाबरोबर फिरतो?" अर्थ म्हणजे त्या माणसाचं आधार कार्ड आणि वापर म्हणजे त्याचं वागणं. "कार्ड बघून पोरगी देतासा व्हय? वागणं बघतासा न्हवं?" हे त्या एवढ्या वेळा म्हणायच्या की आमच्या गावात खरोखरच्या सोयरिकी जुळवतानाही माणसं हे वाक्य वापरू लागली.

गाईड या वस्तूशी त्यांचं उभं वैर. पोराच्या दप्तरात गाईड सापडलं तर जप्त करायच्या नाहीत. "आता ह्यात एक चूक शोधून दे, मग घेऊन जा," म्हणायच्या. एकदा एका गाईडात 'हार्डली' या शब्दाचा अर्थ 'जोरात' असा सापडला. 'ही हार्डली वर्क्ड' म्हणजे 'त्याने जोरात काम केले'! बाई आनंदानं अक्षरशः ओरडल्या. तीन वर्गांच्या पोरांकडून प्रकाशकाला पत्रं लिहून घेतली. उत्तर आलं नाही, पण पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत तो अर्थ बदललेला होता. त्या दिवशी त्यांनी सगळ्या शाळेला शेंगदाण्याचे लाडू वाटले.

शाळेतली नवी पोरं त्यांना बाई म्हणायची सोडून मिस म्हणायला लागली होती. एकदा चाचणीत प्रश्न होता: 'मिसलीड' वाक्यात वापरा. पाचवीतून नुकत्याच सहावीत आलेल्या एका पोरीनं लिहिलं, "अवर मिस लीड्स अस इन द प्रेयर." बाईंनी तो पेपर शिक्षकखोलीत नाचवला. "बघा, बघा! चुकलं, पर काय झोकात चुकलंय!" आणि अर्धा गुण दिला. उत्तराला नव्हे, म्हणाल्या, डोक्याला.

दुसऱ्यांच्या चुका त्यांना अशा आवडायच्या. स्वतःच्या? त्या नव्हत्याच. बाई चुकत नाहीत, हा आमच्या शाळेतला कायदा होता. तपासणीला आलेले साहेब 'डिस्कस अबाउट' म्हणाले तर सगळ्यांदेखत, "साहेब, डिस्कसला अबाउट लागत न्हाई," असं म्हणून बाई पुढच्या मुद्द्यावर. एखाद्या पोरानं त्यांना अडवलं की डिक्शनरी मागवली जायची, आणि डिक्शनरी दर वेळी बाईंच्या बाजूनं उभी राहायची. तीस वर्षांत एकदाही उलट झालं नव्हतं.

आणि मग ती सहल झाली.

आमच्या शाळेत पीटी शिकवायला एक सर होते. म्हसवडकडचे, सैन्यात सतरा वर्षं काढून आलेले. सगळे त्यांना फौजी सर म्हणायचे. बाईंचं आणि त्यांचं रोजचं भांडण. ते 'आर्डर' म्हणायचे, बाई 'ऑर्डर' म्हणायला लावायच्या. "म्याडम, सतरा वर्सं आर्डरच पाळली, तवा कुनी तक्रार केली न्हाई," असं ते म्हणायचे. पण थंडीत गावाकडून हुरडा आणला की पहिला वाटा बाईंचा, आणि तो दिवस मावळायच्या आत त्यांच्या घरी पोचलेला असायचा.

त्या जानेवारीत नववीचा वर्ग घेऊन फौजी सर साताऱ्याच्या पलीकडच्या एका डोंगरावर गेले. वर देऊळ आहे. चढताना सगळं ठीक. उतरताना त्यांनी पाण्याच्या टाक्याजवळून डावीकडची पायवाट धरली. ती पुढं तुटलेली निघाली, कड्याशी जाऊन संपली. परत वर यावं लागलं, अंधार पडला, मोबाईलला रेंज नाही. एका पोरीचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. इकडं शाळेच्या फाटकात आईबाप रात्री नऊपर्यंत उभे. दुसऱ्या दिवशी गावात बातमी फिरली ती अशी, की सरांना वाट बंद असल्याचं ठाऊक होतं, पोरांना मिलिटरीचं ट्रेनिंग द्यायचं म्हणून दहा मिनिटांची वाट सांगून फसवून नेलं. पोरीच्या वडिलांनी तेच तक्रारीत लिहून दिलं.

मुख्याध्यापकांनी खुलासा मागितला. आमच्या संस्थेच्या सचिवांना सगळी पत्रं इंग्रजीत लागायची, म्हणून फौजी सर माझ्या टेबलापाशी आले. ताठ उभे राहून त्यांनी मराठीत सांगितलं, "लिव. पुढं मी हुतो. मी पोरास्नी चुकीच्या वाटंनं नेलं. जबाबदारी माझी."

"एवढंच, सर? का चुकलं ते?"

"कारणं न्हाई द्यायची. पुढं चालणाऱ्यानं कारणं द्यायची नसत्यात."

मी टाइप केलं. "आय वॉज इन फ्रंट. आय मिसलेड द स्टुडंट्स. आय ॲम रिस्पॉन्सिबल." खोटं कशाला सांगू, मला स्वतःचं कौतुक वाटलं! 'चुकीच्या वाटेनं नेलं' हे सगळं एका शब्दात! फौजी सर कागदावर वाकले.

"बराबर हाय न्हवं?"

"शंभर टक्के, सर. बाईंनी शिकवलेला शब्द आहे."

बाईंचं नाव ऐकलं आणि त्यांनी न वाचता सही केली.

आठवड्यानं संस्थेची नोटीस आली. "आपण विद्यार्थ्यांची दिशाभूल केल्याचे स्वतःच लेखी मान्य केले असल्याने आपणास सेवेतून का कमी करू नये," आणि खाली सांगलीच्या कार्यालयात चौकशी समितीपुढं हजर राहायची तारीख. फौजी सरांनी ती शिक्षकखोलीत टेबलावर ठेवली आणि मैदानावर पोरांची रांग लावायला गेले. बाई ताक पीत होत्या. त्यांनी नोटीस वाचली, मग तिला जोडलेली खुलाशाची प्रत वाचली, आणि पेला असा आपटला की ताक माझ्या रजिस्टरवर!

"ह्ये कुनी लिव्हलं? मिसलेड कुनी लिव्हलं?"

"मी, बाई."

"अगं, त्यो मानूस वाट चुकला! त्यानं फसवलं न्हाई कुनाला! मी पोरांना मिसलीड केलं म्हंजे मी त्यांच्या डोक्यात मुद्दाम खोटं भरलं, असंच कुनीबी वाचंल. कबुलीजबाब लिव्हून दिलास तू त्याचा! कुठं शिकलीस असलं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्याकडंच."

"माझ्याकडं? शक्यच न्हाई."

मी घरी पळत गेले. पळतच! घर शाळेच्या मागच्या गल्लीत. पत्र्याची पेटी उपसली, नववीची इंग्रजीची वही काढली आणि पळत परत आले. पान उघडून बाईंच्या पुढं धरलं. माझ्या बाळबोध अक्षरात, त्यांच्या फळ्यावरून उतरवलेलं: मिस म्हणजे चुकीचे, लीड म्हणजे नेणे, मिसलीड म्हणजे चुकीच्या वाटेने नेणे. खाली माझं वाक्य, "द शेफर्ड मिसलेड हिज शीप बिकॉज ही डिड नॉट नो द रोड." मेंढपाळाला रस्ता ठाऊक नव्हता म्हणून त्यानं मेंढ्यांना मिसलीड केलं. आणि त्याच्या शेजारी बाईंची लाल बरोबरची खूण. आणि 'गुड'.

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग डिकीतून डिक्शनरी आणायला सांगितली. आणली. बघितली. नोंदीवरून दोनदा बोट फिरवलं.

"कार्ड बरोबर हाय," शेवटी म्हणाल्या. "वागणं शिकवलंच न्हाई मी."

त्यांनी वही मिटली, डिक्शनरीबरोबर मेणकापडात गुंडाळली, आणि स्कूटर काढून निघून गेल्या. माझ्या मनात काय आलं ते सांगते, लपवत नाही. मला वाटलं, ती वही आता कुणाच्या नजरेला पडायची नाही. तीस वर्षं न चुकलेलं माणूस! पुराव्याची वही कोण दाखवेल?

चौकशी सांगलीला दुपारी दोनला होती. सुरू झाली चारला. खोलीत अध्यक्ष होते, म्हातारे, मोठे ऊसवाले, बोलायला साधे. सचिव होते, पुण्याला शिकलेले, कोटातले. आमचे मुख्याध्यापक, फौजी सर, ती पोरगी नाही पण तिचे वडील, आणि टाइप मी केलं म्हणून कोपऱ्यात मी. सचिवांनी खुलासा वाचायला घेतला.

"आय वॉज इन फ्रंट. आय मिसल्ड द स्टुडंट्स..."

अध्यक्षांनी कानाला हात लावला. "मिसळ दिली? मग त्यात बिघडलं काय?"

"मिस-लेड, साहेब!" दारातून आवाज आला. "मिसळ न्हवं!"

बाई! हातात मेणकापडाचं गाठोडं, कपाळावर घाम, सांगलीपर्यंत स्कूटरनं आलेल्या.

सचिव उभे राहिले. "आपण? आपल्याला बोलावलेलं नाही."

"बोलावलं न्हाई म्हनूनच आले. त्यो शब्द माझा हाय."

अध्यक्षांनी खुर्चीकडं हात केला. "बसा, बाई. काय शब्द?"

बाई बसल्या नाहीत. त्यांनी टेबलाचाच फळा केला. सचिवांनी मोबाईलवर अर्थ काढून दाखवला, चुकीच्या दिशेनं नेणं, स्पष्ट लिहिलेलं होतं. "सरांनी मुलांना चुकीच्या दिशेनं नेलं की नाही? नेलं. मग शब्द योग्यच आहे."

"अर्थ बरोबर," बाई म्हणाल्या. "आता वापर बघू. अध्यक्षसाहेब, तुमी नातवाला घेऊन मळ्याकडं निघालासा, धुकं पडलं, वाट चुकली. घरी येऊन काय सांगाल? वाट चुकलो म्हनाल, का नातवाची दिशाभूल केली म्हनाल?"

"दिशाभूल कशी म्हनीन? मी काय त्याला फसवलं का?"

"आता शब्द उघडून बघा. दिशा आनि भूल. दिशा भुलली, बस्स! शब्दात फसवणूक कुठंच न्हाई. तरी तुमास्नी त्यो शब्द तोंडात घ्यायला नको वाटतो. कारण दिशाभूल झाली येगळं आनि दिशाभूल केली येगळं. केली म्हनलं की कपट आलं. इंग्रजीत बी तसंच हाय! मानूस आपल्या तोंडानं म्हनला, आय मिसलेड देम, की ऐकणाऱ्याच्या कानात कपट वाजतं. आवं, हा गडी त्यांच्या पुढं चालत हुता. जो दुसऱ्याला मुद्दाम चुकवतो त्यो आपन जागेवर उभा ऱ्हाऊन बोट दाखवतो. स्वतः कड्यापर्यंत जात न्हाई."

"मग सरांनी तो शब्द वापरलाच कशाला?" सचिव.

मी उठले. "सर मराठीत बोलले होते. इंग्रजी मी केलं."

"आणि आपण हा शब्द का निवडला?"

मी बाईंकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हटलं, काही झालं तरी त्यांचं नाव घ्यायचं नाही. तेवढ्यात टेबलावर काहीतरी पडल्याचा आवाज झाला. माझी वही! बाईंनी पान उघडून सचिवांपुढं सरकवलं.

"तिनं मी शिकवलेलं लिव्हलं. ही खूण माझी. ह्ये गुड बी माझं."

सचिवांनी वाक्य वाचलं, खूण पाहिली. "म्हणजे, बाई, आपण मुलांना चुकीचं शिकवलंत?"

पंखा फिरत होता. मुख्याध्यापक खाली बघत होते. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन भिंतीवर पार वर चढलं होतं. बाईंनी तिकडं एकदा पाहिलं. जेवणाची वेळ निघून चालली होती, आणि त्या जागच्या हलल्या नाहीत.

"व्हय," बाई म्हणाल्या. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, त्यांचा चेहरा एकदम उजळला, वर्गात उजळायचा तसा! "आनि आता बघा, साहेब, हितं मिसलीड बसतं! लिवा इतिवृत्तात. माय रेड टिक मिसलेड हर. माझ्या खुणेच्या मनात कपट नव्हतं, तरी पोरगी चुकली. डोक्यात चुकीची समजूत भरली. ह्यो खरा वापर! लिवा, लिवा!"

सचिवांचं पेन आपोआप चालू लागलं.

आता पोरीचे वडील बोलले. "शब्दांचं ऱ्हाऊ द्या, बाई. माझ्या लेकीचा हात मोडलाय. वाट म्हाईत नव्हती तर नेलं कशाला?"

बाई त्यांच्याकडं वळल्या. "ह्ये तुमी बराबर इचारलंसा, दादा. ह्येचं उत्तर डिक्शनरीत न्हाई." आणि फौजी सरांकडं बघून म्हणाल्या, "कारणं न्हाई द्यायची म्हनालासा ना? ह्या मानसाला कारण पायजे. द्या."

फौजी सर उठून उभे राहिले. हात मांड्यांना चिकटवलेले. "भरतीच्या आदी त्या डोंगरावर पळायला जायचो. सातारला मामाकडं ऱ्हात हुतो. ती वाट रोजची. वीस वर्सं झाली, तरी तशीच असंल म्हनून नेलं. खाली गावात इचारायला पायजे हुतं. इचारलं न्हाई. 'मला समदं म्हाईत हाय' ही घमेंड नडली, दुसरं काय न्हाई." मग ते वडिलांकडं वळले. "पोरगी पडली तवा पाठीवर घेतली."

"ते सांगितलं तिनं," वडील म्हणाले. "एकच सांगा. वाट बंद हाय ह्ये तवा म्हाईत हुतं?"

"न्हाई."

वडिलांनी सचिवांपुढची आपली तक्रार ओढून घेतली आणि त्यावर बोट ठेवलं. "फसवून, असं लिव्हलंय न्हवं मी? तेवढा शब्द खोडा. बाकीचं ऱ्हाऊ द्या."

एक शब्द खोडला गेला. तेवढ्यानं फौजी सरांची नोकरी राहिली. लेखी ताकीद मिळाली, दोन वर्षं सहलीला जायचं नाही असं ठरलं, आणि नवा खुलासा त्यांच्या स्वतःच्या मराठीत, त्यांच्या हातानं लिहून घेतला गेला. आम्ही बाहेर पडलो तेव्हा दिवे लागले होते. फौजी सर अवघडून म्हणाले, "म्याडम, माझ्यापायी तुमास्नी उपास घडला."

"तुमच्यापायी कसला? क्रियापदापायी!" बाई हसल्या आणि स्कूटरला किक मारली. मग बंद केली आणि माझ्याकडं वळल्या. मला वाटलं, आता डोळ्यात पाणी येणार. इतिवृत्तात चूक नोंदली गेली होती, गावभर होणार होतं. पण बाईंचे डोळे असे चमकत होते!

"पोरी, किती वर्गांना शिकवलं असंल गं मी ह्ये? किती वह्यांत ती खूण पडली असंल?"

आणि सुरू झाल्या! दुसऱ्या दिवशी त्यांनी हजेरीपट मागितले, जुने, कपाटाच्या वरचे. मी आणि फौजी सर धूळ झटकून काढून देत होतो. ज्यांचे नंबर मिळाले त्यांचा व्हॉट्सॲपवर गट केला आणि स्वतःच्या आवाजात निरोप पाठवला, "तुमच्या नववीच्या वहीत माझी एक चूक हाय. ती दुरुस्त करा." काय धमाल उडाली! सीमेवरून एका जवानानं लिहिलं, बाई, हवामान खात्यानं आज आम्हाला मिसलीड केलं, बसतं का? बसतं! पुण्याहून एकीनं लिहिलं, माझ्या नवऱ्यानं मला मिसलीड केलं, पण मुद्दाम; तरी बसतं का? बाईंनी उत्तर दिलं, बसतं, आणि त्याला फोन दे. निवृत्तीच्या आदल्या सबंध वर्षात त्या दुसरं काही करत नव्हत्या, पाट्या सरळ करण्याशिवाय.

ज्यांचे नंबर मिळाले नाहीत त्यांच्या घरी जायचं, हे त्यांनी निवृत्त झाल्यावर ठरवलं. रविवारी मलाही ओढून न्यायच्या. अशाच एका रविवारी आम्ही दोन एसट्या बदलून खंडाळ्याकडच्या एका वस्तीवर पोचलो. बाईंकडं पूर्वी नववीला असलेली एक पोरगी तिकडं दिली होती. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. बाईंना बघून पिठाचे हात तसेच घेऊन उभी राहिली.

"बाई! तुमी? हिकडं कशा?"

"नववीची वही हाय का तुझी?"

"सासरी वही कुठली आणू, बाई?"

"मग तोंडानं सांग. मिसलीड म्हंजे काय?"

तिनं माझ्याकडं बघितलं, बाईंकडं बघितलं आणि लाजून हसली. "कसलं लीड? मला न्हाई आठवत. लय दिस झालं की वो."

मला हसू आवरेना. चार तासांचा प्रवास करून आम्ही चूक दुरुस्त करायला आलो, आणि इथं दुरुस्त करायला चूकच शिल्लक नव्हती! मी पिशवी उचलली. बाई मात्र उंबऱ्यावर बसल्या, पदर खोचला.

"इसरलीस? लय ब्येस! मग आता पहिल्यापासनं शीक. नीट शीक. मी बी नीट शिकवते."

तव्यावर भाकरी, समोर बाई. पहिल्यांदा लीड, मग मिस, मग माणूस कधी म्हणतो आणि कधी म्हणत नाही. पोरगी भाकरी उलटता उलटता ऐकत होती. मध्येच तिचा हात थांबला.

"माझ्या धाकट्या दिराला मोबाईलच्या नकाशानं लग्नाच्या गाडीसकट कॅनॉलवर नेऊन उभा केला. त्यात बसंल का?"

"बसंल! कसं बसंल! इंग्रजीत सांग."

"द मॅप..." तिनं डोळे मिटले. "द मॅप मिसलेड... माय दीर."

"ब्रदर-इन-लॉ! पर बसलं! बसलं गं!" बाईंनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी पुढं गेले. भाकरी करपली.

आतल्या खोलीतून तिच्या सासूचा आवाज आला, "कोन कुनाला चुकवतंय गं? काय चाललंय भाईर?"

"इंग्रजी हाय, आत्या."

"मग मला बी सांगा की. मी काय, रिकामीच हाय."

बाई उठल्या, उंबरा ओलांडून आत गेल्या आणि खाटेपाशी खाली बसल्या.

"आजी, आदी मला सांगा, तुमी कवा वाट चुकलासा का?"

म्हातारी खाटेवर उठून बसली. "लय येळा!"